बोन ते साँतने: बर्गंडीच्या द्राक्षबागांतून मित्रांसोबत सायकलवर एक दिवस – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पॅरिसजवळ राहते. भारतातून मित्रमैत्रिणी आल्या की एक दिवस त्यांना बर्गंडीत, म्हणजे फ्रान्सच्या पूर्वेकडच्या द्राक्षबागांच्या भागात, सायकलवर न्यायचं, हे आता ठरूनच गेलं आहे. सकाळी बोन गावातून निघायचं, द्राक्षबागांमधून दक्षिणेला साँतनेपर्यंत जायचं आणि संध्याकाळी परतायचं. मंडळी भारतात परतली की त्यांच्या ओळखीच्यांचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

रस्ता नेमका कोणता?

फ्रेंचमध्ये त्याला ‘व्वा दे वीन्य’ म्हणतात, म्हणजे द्राक्षबागांची वाट. बोनमधल्या बूझेझ नावाच्या बागेपाशी ती सुरू होते आणि पोमार, वोलने, मर्सो, प्युलिन्यी-मोंराशे, शासान्य-मोंराशे अशी गावं घेत साँतनेला पोहोचते. एका बाजूचं अंतर साधारण २२ किलोमीटर. वाट बहुतेक ठिकाणी डांबरी किंवा काँक्रीटची आहे. ती मुळात शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरांची, सायकलींना तिच्यावर जाऊ देतात इतकंच. वळणावळणावर सायकलचं चित्र असलेल्या पांढऱ्या-हिरव्या पाट्या आहेत, त्यामुळे चुकायला फारसा वाव नाही. आणि चुकलात तरी पुढच्या गावाच्या चर्चचा मनोरा दिसतोच. त्या दिशेने चालवत राहायचं.

२२ किलोमीटरला अख्खा दिवस कशाला? आम्ही पुण्यात रविवारी सकाळी ६० मारतो.

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि तो विचारणाऱ्यांना मी मनापासून सांगते की या वाटेवर तो हिशेब घरी ठेवून या. थांबलाच नाहीत तर दीड तासात साँतनेला पोहोचाल आणि तुमच्या हाती फक्त हिरवा रंग लागेल. ही वाट थांबत जाण्यासाठी आहे. भिंतीवर बसायचं, पाटीवरचं नाव वाचायचं, कुणी छाटणी करत असेल तर बघत उभं राहायचं, बेकरीच्या रांगेत लागायचं. आम्ही साडेनऊला निघतो आणि साँतनेला चार-साडेचारला पोहोचतो. त्यात सायकलवरचे तास अडीचसुद्धा नसतात.

मोटारीतून हाच पट्टा अर्ध्या तासात संपतो. चालत गेलं तर दोन गावांतच दिवस जातो. सायकलचा वेग मात्र असा आहे की दोन बागांमधला फरक डोळ्यांसमोर असतानाच पुढची बाग येते. तो फरक म्हणजे काय, ते खाली सांगते.

बोनला पोहोचायचं कसं?

पॅरिसच्या गार द लियों स्थानकातून दिजों शहरापर्यंत टीजीव्ही ही अतिवेगवान गाडी, साधारण पावणेदोन तास. तिथून टीईआर ही प्रादेशिक गाडी पंचवीसेक मिनिटांत बोनला सोडते. पॅरिसहून एका दिवसात जाऊन येणं शक्य आहे, पण मी तसं करू देत नाही. आदल्या संध्याकाळी बोनमध्ये मुक्कामाला या. सकाळी पहिल्यांदा चर्चची घंटा ऐकू यावी, गाडीची घोषणा नको.

कोणत्या महिन्यात यावं?

मे-जून किंवा सप्टेंबर. जूनमध्ये सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे घाई अशी राहतच नाही. सप्टेंबरात बहुतेक वर्षी तोडणी असते. ओळींमधून माणसं वाकलेली, ट्रॉल्या भरलेल्या आणि गावात शिरलं की आंबायला लागलेल्या रसाचा वास. तेव्हा ट्रॅक्टरांची वर्दळ मात्र फार वाढते. जुलै-ऑगस्टच्या दुपारी ऊन भाजून काढतं आणि वाटेवर सावली जवळजवळ नाही. द्राक्षबागेत झाडं कोण लावणार!

एप्रिलही सुंदर असतो, पण त्या महिन्यात इथल्या शेतकऱ्याला झोप नसते. कोंब फुटलेले असतात आणि रात्री हिमदव पडण्याची धास्ती असते. तसं लक्षण दिसलं की पहाटेच्या अंधारात बागेत शेकडो मेणाच्या बादल्या पेटवतात. २०२१च्या एप्रिलमध्ये हिमदवाने इथे फार मोठं नुकसान केलं. गारपिटीनंतर बागेच्या बांधावर उभा राहिलेला नाशिक-निफाडचा शेतकरी ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सायकल कुठून घ्यायची? ई-सायकल घेतली तर चालेल?

बोनमध्येच भाड्याने मिळते. पॅरिसहून आणायच्या फंदात पडू नका, कारण टीजीव्हीत सायकलसाठी वेगळं आरक्षण लागतं आणि जागा कमी असतात. साध्या सायकलीला दिवसाचे साधारण वीसएक युरो पडतात, ई-सायकलला त्याहून बरेच जास्त. मे-जूनच्या शनिवार-रविवारी आधी सांगून ठेवा.

बारीक टायरची रेसिंग सायकल घेऊ नका. थोडे रुंद टायर, सरळ हँडल, मागे कॅरियर आणि त्याला पिशवी. पाव, चीज, पाणी, जाकीट सगळं तिच्यात बसतं. ई-सायकलबद्दल कुणाला संकोच वाटत असेल तर तो सोडा. आमच्यातल्या एका मैत्रिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. ई-सायकलमुळे ती पूर्ण दिवस आमच्याबरोबर राहिली, आणि त्या दिवसाची गंमत बरोबर असण्यातच होती.

चढ किती आहेत?

आहेत, पण छोटे. सगळी वाट डोंगराच्या पायथ्याशी आडवी जाते, त्यामुळे थोडं वर, थोडं खाली असं चालू राहतं. पोमारहून वोलनेकडे जाताना दम लागतो. उतरून ढकलत नेली तरी पाच-सात मिनिटांचा प्रश्न आहे, आणि वरून मागे वळून पाहिलं की अख्खं सोन नदीचं सपाट खोरं समोर पसरलेलं दिसतं. हवा अगदी स्वच्छ असेल तर पूर्वेला क्षितिजावर आल्प्सची पांढरी रेघही दिसते.

गावांची नावं उच्चारायची कशी?

शेवटची अक्षरं बहुधा गिळायची, एवढं लक्षात ठेवा. ‘मोंराशे’च्या लिखाणात दोन ‘ट’ आहेत, उच्चारात एकही नाही. प्युलिन्यी आणि शासान्य या दोन गावांनी आपल्या सगळ्यात नावाजलेल्या बागेचं नाव १८७९ साली स्वतःच्या नावाला जोडून घेतलं. उच्चार चुकला तरी लोक समजून घेतात. आधी ‘बोंजूर’ म्हटलेलं असलं पाहिजे.

सगळीकडे द्राक्षंच द्राक्षं. मग त्यात एवढं बघायचं काय?

या उत्तरासाठीच मी हे सगळं लिहायला बसले.

आधी वेल बघा. आपल्याकडे नाशिक-सांगलीच्या बागेत वेल मांडवावर किंवा वाय आकाराच्या तारांवर चढवलेली असते आणि खालून माणूस आरामात चालत जातो. इथे वेल जेमतेम छातीपर्यंत. दोन ओळींत साधारण एक मीटरच अंतर, हेक्टरी दहा हजारांच्या आसपास वेली. एवढ्या फटीत ट्रॅक्टर शिरणार नाही, म्हणून इथले ट्रॅक्टर उंच पायांचे असतात आणि ओळीच्या दोन्ही बाजूंना चाकं टाकून वेलींच्या डोक्यावरून जातात. पहिल्यांदा समोरून येताना दिसतो तेव्हा सगळे सायकली थांबवतात. काही जण अजूनही घोड्याने नांगरतात, माती दबू नये म्हणून. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी, अशा दोन छाटण्या होतात. इथे हिवाळ्यात वेल झोपते, तेव्हा एकदाच मुख्य छाटणी. उन्हाळ्यात पानांवर निळसर डाग दिसले तर ओळखीचे वाटतील. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण आपले बागायतदारही फवारतात, आणि त्याला नाव मिळालं ते याच देशातल्या बोर्डो शहरावरून.

आता उतार बघा. बोनहून दक्षिणेला जाताना डोंगर कायम उजव्या हाताला असतो आणि सपाट खोरं डाव्या हाताला. फार पूर्वी इथली जमीन भेगेवर तुटून पूर्वेचा भाग खाली खचला, त्यातून हा उतार तयार झाला. त्यात ज्युरासिक काळातला चुनखडक आणि चिकणमाती यांचे थर एकाआड एक उघडे पडले आहेत. अगदी माथ्यावर माती विरळ आणि वारा गार, म्हणून तिथे जंगल. अगदी खाली माती खोल आणि ओलसर, वेल माजते पण रसाला धार येत नाही. मधल्या पट्ट्यात पाण्याचा निचरा नेमका होतो आणि सकाळचं ऊन थेट पडतं. सगळ्यात नावाजलेल्या बागा या मधल्या पट्ट्यात आहेत. वाट जरा वर सरकली की पाटीवर ‘प्रमिए क्रू’, म्हणजे वरच्या दर्जाची बाग, असं दिसायला लागतं, खाली सरकली की नुसतं गावाचं नाव उरतं. दर्जाची ही उतरंड तुम्ही गिअर बदलताना पायांनी अनुभवत असता.

या तुकड्यांना इथे ‘क्लिमा’ म्हणतात. प्रत्येकाला स्वतःचं नाव, ठरलेल्या हद्दी आणि शेकडो वर्षांची नोंद. बोन-दिजों परिसरातले असे १,२४७ क्लिमा २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. आपल्या गावात नाही का प्रत्येक शेताला नाव असतं, विहिरीचं, वडाचं, कुणा पूर्वजाचं? तसंच हे, फक्त इथे ते नाव बाटलीवर छापून जगभर जातं.

प्युलिन्यी ओलांडलं की मुख्य वाट सोडून थोडं उजवीकडे, चढाकडे वळा. तिथे दगडी कुंपणाची मोंराशे बाग आहे. जेमतेम आठ हेक्टर, अर्धी या गावात आणि अर्धी त्या. तिच्या खालच्या अंगाला एक अरुंद रस्ता, आणि रस्त्यापलीकडे लगेच दुसऱ्या नावाची बाग. सायकल त्या रस्त्यावर उभी करा आणि दोन्हीकडे पाहा. तीच शार्दने जातीची वेल, तेच ऊन. रस्त्याची रुंदी ती किती! तरी शतकानुशतकं लोकांनी दोन्हीकडची चव वेगळी धरली, वेगळी जपली. आम्ही तिथे अर्धा तास बसलो होतो. पुण्याहून आलेला मित्र शेतकऱ्याच्या घरातला. तो बराच वेळ खाली वाकून दोन्ही बाजूंचे दगड हातात घेऊन बघत होता, मग जागच्या जागी ठेवून दिले.

वाटेत दगडी रचलेल्या छोट्या खोपट्याही दिसतील. त्यांना ‘काबोत’ म्हणतात. पाऊस आला की शेतात काम करणारी माणसं त्यांत शिरत.

आम्ही वाइन घेत नाही. मग आमच्यासाठी काही आहे का?

भरपूर आहे. वर लिहिलेल्यातल्या एकाही गोष्टीसाठी घोटभर वाइनची गरज लागत नाही. आमच्या चौघांतले दोघं पीत नाहीत आणि पुढच्या वर्षीचं नियोजन त्यांनीच सुरू केलं. कॅफेत काळ्या कासीस बेरीचा रस मागा, हे या भागाचं खास फळ आहे. किंवा ‘सिरो आ लो’, म्हणजे पाण्यात घातलेलं फळाचं सरबत.

आणि चाखायची असेल तर?

दोन गोष्टी. एक, बहुतेक उत्पादक कुटुंबं लहान आहेत. आधी वेळ ठरवल्याशिवाय दार वाजवू नका. ती त्यांची घरं आहेत, दुकानं नव्हेत. दोन, रक्तातल्या मद्याची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम, आणि ती सायकलस्वारालाही लागू आहे. चाखताना तोंडात घोळवून भांड्यात थुंकणं इथे पूर्ण शिष्टसंमत आहे. संकोच नको. मी स्वतः सांगते की चाखणं साँतनेला, सायकल चालवून झाल्यावर ठेवा.

पोमार आणि वोलनेला फक्त लाल वाइन, पिनो न्वार द्राक्षाची. मर्सो आणि प्युलिन्यीला मुख्यतः पांढरी, शार्दनेची. प्युलिन्यीत जमिनीखाली पाणी वर असल्यामुळे खोल तळघरं खणता येत नाहीत, हे तिथे गेल्यावर जरूर विचारा. त्या विषयावर लोक भरभरून बोलतात.

जेवणाचं काय?

वेळ पाळा. दुपारचं जेवण बारा ते दोन, नंतर स्वयंपाकघर बंद. पहिल्या वर्षी आम्ही फोटो काढत काढत सव्वादोनला एका गावात पोहोचलो. चौकातल्या खानावळीत जागा होती, पण आचारी निघून गेला होता. उरलेल्या अर्ध्या पावावर चौघांनी भागवलं. तेव्हापासून आम्ही जेवण बरोबरच नेतो, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त छान होतं.

शनिवारी असाल तर बोनच्या चौकात सकाळी मोठा बाजार भरतो. तिथून टोमॅटो, चेरी किंवा पीच, कोंते चीज, थोडी दिजोंची मोहरी घ्या. बेकरीतून ‘बागेत त्रादिस्यों’ मागा, म्हणजे पारंपरिक पद्धतीचा लांबट फ्रेंच पाव. हा पाव मुख्यतः पीठ, पाणी, मीठ आणि खमीर यांचा, आणि त्यात कृत्रिम भर टाकायची नाही, असा १९९३ पासून नियम आहे. ‘गुजेर’ही घ्या, चीज घातलेले हलके, पोकळ गोळे, इथली खासियत. त्यात अंडं असतं. सोमवारी बऱ्याच बेकऱ्या आणि खानावळी बंद असतात, तो वार टाळा.

आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत.

मग बरोबर नेणंच उत्तम. खानावळीत ‘सलाड’ म्हटलं तरी त्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात, त्यांना ‘लार्दों’ म्हणतात. ‘सां व्यांद, सां प्वासों’ म्हणजे मांस नको, मासे नकोत, हे दोन्ही सांगा. इथली पारंपरिक चीजं वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, कोंते आणि एप्वासही. हे ज्यांना चालत नाही त्यांना आधीच माहीत असलेलं बरं. आमच्याबरोबर एकदा थालीपिठं आणि लसणाची चटणी आली होती. वोलनेच्या भिंतीवर बसून खाल्लेली ती थालीपिठं मला अजून आठवतात.

पाणी आणि शौचालय?

पाण्यासाठी फ्रान्समधले सायकलस्वार गावाच्या दफनभूमीत जातात. तिथे फुलांना घालायला नळ असतो. ‘नों पोताब्ल’ लिहिलं असेल तर ते पिऊ नका. खानावळीत ‘यून कराफ दो’ मागितलं की साधं पाणी फुकट मिळतं. सार्वजनिक शौचालय बहुधा ग्रामपंचायतीच्या इमारतीजवळ सापडतं. मर्सोची ती इमारत चकाकत्या रंगीत कौलांची आहे, लांबूनच दिसते.

वाहतुकीचे नियम?

बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं, मागे बसलेल्यांनाही. मोठ्यांना सक्ती नाही, पण घाला. कानात इयरफोन आणि हातात फोन, दोन्हींना बंदी. गावाबाहेर अंधारात चमकणारं जाकीट लागतं. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं, आणि जिथे पाटी नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपल्याला हे अंगवळणी पडायला तासभर लागतो, विशेषतः थांबून पुन्हा निघताना. ट्रॅक्टरला मात्र नेहमीच वाट द्या. फवारणी चालू असेल तर लांबच थांबा, ओळ संपू द्या. अपघात झाला तर ११२.

ओळींमध्ये शिरून फोटो काढला, एखादा मणी तोंडात टाकला तर?

नको. इथला एक घड किती कष्टाचा आहे ते वर सांगितलंच. कडेला उभं राहून फोटो तितकाच चांगला येतो.

आमच्यातले काही वेगवान, काही अगदी हळू. जमेल?

सगळ्यात हळू चालवणाऱ्याला पुढे ठेवा. आमच्याकडे दुसरा नियम नाही. आणि पुढच्या थांब्याचं नाव निघतानाच ठरवा, ‘चर्चपाशी’ असं, म्हणजे कुणी बेकरीत रेंगाळलं तरी मागून निवांत येईल.

पंक्चर झालं किंवा पाऊस आला तर?

भाड्याच्या सायकलीबरोबर जादा ट्यूब आणि पंप मागून घ्या, आणि चौघांतल्या एकाला तरी ट्यूब बदलता आली पाहिजे. पावसाची सर आली तर चर्चचा आडोसा. दिवसभर लागणार असं दिसलं तर सायकलचा दिवस दुसऱ्या दिवशी ढकला आणि बोनमधलं ओतेल-दिय बघा. बर्गंडीच्या दरबाराचा चान्सलर निकोला रोलँ आणि त्याची बायको गिगोन यांनी १४४३ साली गरिबांसाठी स्थापन केलेलं हे रुग्णालय. १९७१ पर्यंत तिथे रुग्ण होते. रस्त्यावरून छप्पर साधं करडं दिसतं, आत अंगणात पाऊल टाकलं की रंगीत कौलांची नक्षी एकदम समोर येते. या संस्थेला लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षबागा दान केल्या आणि त्या वाइनचा लिलाव दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी होतो.

परत यायचं कसं?

साँतनेहून कालव्याकाठच्या सपाट सायकलवाटेने शान्यीला या, पाचेक किलोमीटर. हा काना द्यू साँत्र, सोन आणि लुआर नद्यांना जोडणारा. दोन्ही कडांना झाडं आहेत. दिवसभरातली पहिली सलग सावली इथे मिळते. शान्यी स्थानकातून टीईआर दहा-पंधरा मिनिटांत बोनला आणते. जागा असेल तर डब्यात सायकल नेता येते, पण चार सायकली एकदम असतील तर दोन-दोन करून चढा.

वेळापत्रक सकाळीच बघून ठेवा, आणि शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी धरा. कालव्यावर बंद-उघड होणारं जलदार आणि त्यातून हळूहळू वर चढणारी बोट दिसली, तर तुम्ही थांबणारच.